उंदराच्या बिळात ओतलेलं प्लास्टर

वरचा थर : नांगरटीची माती

दुपारचं जेवण उरकून मू छिंगहे पुन्हा खड्ड्यात उतरली, तेव्हा अख्खा देश तिच्या टाळूकडे बघत होता. कॅमेरा पत्र्याच्या शेडच्या तुळईला टांगलेला होता, बरोबर तिच्या डोक्यावर. खड्ड्याच्या काठावर एक मोठा पडदा उभा केला होता. त्यावर खड्डा दिसायचा, खड्ड्यातली छिंगहे दिसायची, आणि त्या चित्रावरून घरोघरी बसलेल्या लोकांच्या ओळी उजवीकडून डावीकडे धावायच्या. टोळधाडीसारख्या.

» सोनं निघालं का?
» ताई, जेवलात का? व्हिनेगर घातलंत का नूडल्सवर?
» नुसती माती आहे. सकाळपासून माती.
» माझा मुलगा घरी संग्रहालयाच्या दुकानातला खेळण्याचा मातीचा ठोकळा फोडतोय. त्याच्या ठोकळ्यात पितळी घोडा निघाला. तुमच्यापेक्षा पुढे आहे.

छिंगहे हसली नाही. हसण्यासारखी वेळ नव्हती.

फन नदीच्या अलीकडच्या या दोंगगोउ गावात महामार्गाचा एक फाटा यायचा होता. रस्त्याच्या कामात झोउ राजांच्या काळातल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कबरी निघाल्या. त्या उघडून, मोजून, आतलं सगळं उचलून झालं. हा एक खड्डा मात्र कबरींपासून बाजूला, एकटाच होता. पुरातत्त्व संस्थेच्या बैठकीत सगळे म्हणाले, सोडून द्या. छिंगहे म्हणाली, कुणी उगाच एवढी माती ठोकून ठोकून भरत नाही, आत काहीतरी आहे. इतकं ठासून म्हणाली की संस्थेने शेड दिली, आणि वाहिनीने कॅमेरा दिला. आज संध्याकाळी पाचला वाहिनी दुसऱ्या प्रांतातल्या उत्खननाकडे वळणार होती. तिथे सोन्याचा पत्रा निघाला होता. आणि उद्या सकाळी इथे रोलर येणार होता.

म्हणजे पाचपर्यंत काही निघालं तर खड्डा राहणार. नाही निघालं तर त्यावर डांबर.


दुसरा थर : पिवळी माती, ठोकलेली

खड्ड्याचा तळ लागला. कडक, सपाट, स्वच्छ. त्यावर काहीही नव्हतं.

"आलो तळाला," वू उस्ताद म्हणाले. वू उस्ताद म्हणजे तिच्या पथकातले जुने कारागीर. मातीवरून खुरपं फिरवलं की ती रेशमासारखी दिसायची. "मू, मी बोलू का? रिकामा आहे."

काठावर सूत्रसंचालक खोंग वेई माइक धरून उभा होता. त्याचा चेहरा नेहमी लग्नाच्या वरातीत असल्यासारखा फुललेला असे. आता त्यालाही तो फुलवून धरणं जड जात होतं. "तर प्रेक्षकहो, पुरातत्त्वात रिकामा खड्डा हीसुद्धा एक, अं, माहिती असते!"

» हो का? मग माझ्या पाकिटातही माहितीच आहे.
» हाहाहा
» तीन हजार वर्षांपूर्वीचे चोर आमच्यापेक्षा लवकर उठायचे.
» चला सोन्याकडे. इथे काय बघायचं.

गावातल्या बायका मजुरीवर माती उपसायला होत्या. त्यांतल्या फान काकू काठावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या. त्यांचं तोंड कधी रिकामं नसे. बिया संपल्या की शब्द सुरू.

"पोरी, वर ये. त्या खड्ड्यात तू आणि तुझी सावली, दोघीच आहात. मला तिसरं काही दिसत नाही."

"काकू, पाणी मारा जरा. माती सुकतेय."

"मारते. रिकाम्यालाही पाणी मारते. आमचं काय, आम्ही सुनेच्या रिकाम्या डोक्यालाही तेल लावतो."

फान काकूंनी फवारा मारला. ओल्या तळावर, पश्चिमेच्या बाजूला, एक काळा ठिपका दिसला. अंगठा जाईल एवढं भोक.

"उंदीर," वू उस्ताद म्हणाले. "कालच्यासारखंच. साफ करू?"

काल पूर्वेच्या बाजूला असंच एक भोक निघालं होतं. उंदराचं बीळ निघालं की ते आधी पोखरून साफ करायचं, त्यातली नवी माती जुन्या मातीत मिसळू द्यायची नाही. शिकतानाच हातात बसणारी सवय. छिंगहेनेच काल सांगितलं होतं, साफ करा. स्वतःच खुरपं चालवलं होतं. पहिला पदर खरवडून झाला तशी खाली माती घट्ट लागली, भोक बुजल्यासारखं झालं, आणि ती पुढे सरकली होती.

आज वू उस्तादांचं खुरपं भोकावर टेकलं, आणि छिंगहेने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा."

"काय?"

"कालचं बीळ कसं उतरत होतं आठवतंय?"

"तिरपं. पश्चिमेकडे."

"आणि हे?"

वू उस्तादांनी बांबूची काडी आत सारली. काडी तिरपी गेली. पूर्वेकडे.

 पूर्वेचं बीळ पश्चिमेकडे झुकलेलं, पश्चिमेचं पूर्वेकडे. जणू दोन उंदीर एकमेकांना भेटायचं ठरवून निघाले होते, तेही एकाच कोनात.

छिंगहेने पोटावर पडून बॅटरी लावली. बिळाची भिंत गुळगुळीत होती. नखांचे ओरखडे नाहीत, दाण्याचं टरफल नाही. एके ठिकाणी मिरचीच्या बीएवढा लाल कण चिकटला होता. लाखेचा रंग असेल. भाजलेली मातीही असेल.


पोकळी

»

»

»

(पडदा काही क्षण असाच होता. लोक वाट बघत होते की ती उठून काय सांगते.)


तिसरा थर : पांढरा

ती उठली ती कपाळाला माती लावूनच. खोंग वेईने माइक खाली सोडला.

"हा तळ नाही, ठोकलेला थर आहे. आत लाकूड असावं," ती म्हणाली. "म्हणजे होतं. कुजून गेलं. भोवतालची माती इतकी ठोकलेली आहे की ती बसली नाही, लाकडाच्या जागी जागा राहिली. त्या जागेत प्लास्टर ओतलं, वाळू दिलं आणि बाहेरची माती काढली, की जे होतं त्याचा आकार मिळेल."

"आणि नसलं तर, मॅडम?"

"नसलं तर मी सगळ्या देशासमोर उंदराच्या बिळात प्लास्टर ओतलं असं होईल."

खोंग वेईने घड्याळ बघितलं. "चार वाजून गेलेत. आधी यंत्राने आत बघता नाही येणार?"

"यंत्र ताय्युआनहून यायला चार दिवस. रोलर उद्या सकाळी."

वू उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "मू, एकदा ओतलं की परत काढता येत नाही. लाकडाचा एखादा तुकडा आत उरला असला तर तोही अडकेल. संस्था विचारेल. शिवाय हे..." त्यांनी कॅमेऱ्याकडे हनुवटी उडवली. "हे जन्मभर तुझ्या मागे लागेल. बाजारात कोथिंबीर घ्यायला गेलीस तरी लोक म्हणतील, ती बघा उंदीरवाली."

"आणखी एक आहे," छिंगहे माइकशी तोंड नेऊन म्हणाली. "पूर्वेचं भोक काल मी खरवडलं. ते याच वस्तूचं दुसरं टोक असेल तर ते टोक गेलं. ती चूक माझी. आज ही बाजू वाचवायची आहे."

» अरे, हिने सांगून टाकलं.
» ओता ताई.
» ओतू नका!! नोकरी जाईल.
» उंदराला घरकुल मिळणार, तेही सरकारी.
» ओता. आम्ही आहोत.

"काकू," छिंगहे म्हणाली, "पाणी आणि बादली."

प्लास्टर ताकाइतकं पातळ कालवलं. नळीचं टोक बिळात सोडून वू उस्तादांनी धार धरली. पहिली बादली गेली. गुपचूप गेली, जणू तिची कुणी वाटच बघत होतं. दुसरी गेली.

"उंदीर तहानलेला दिसतो," फान काकू म्हणाल्या.

तिसरी. चौथी.

» हा उंदीर आहे की हत्ती?
» माझे आजोबा लग्नात असेच प्यायचे.
» थांबा, पण एवढं जातंय कुठे?

जातंय कुठे, हाच प्रश्न छिंगहेलाही पडला होता. खाली एखादी भेग असली, जुनी विहीर असली, तर प्लास्टर सरळ पाताळात चाललं होतं. पाचवी बादली गेली. गोणी तळाला आली. खोंग वेईच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी ओरडत होतं, आणि तो कान हाताने झाकून "हो, दोन मिनिटं, हो" म्हणत होता.

"मू, बस करू?"

"ओता."

"उरलंय तेवढंच."

"तेवढं ओता."

फान काकू पूर्वेच्या बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी बियांची पुरचुंडी हातातून टाकली.

"अगं! अगं पोरी! इकडे बघ! दूध उतू चाललंय!"

पूर्वेच्या तळावर, जिथे काल छिंगहेने स्वतः खरवडून सपाट केलं होतं तिथे, मातीतून एक पांढरा थेंब वर आला. फुगला. रुपयाएवढा झाला, बशीएवढा झाला. पश्चिमेला ओतलेलं प्लास्टर पूर्वेला वर येत होतं, शांतपणे, तीन हजार वर्षं अडलेला श्वास सोडत.

वू उस्तादांनी रिकामी बादली खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. खोंग वेईने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच झालं असावं.

पडद्यावर मात्र खड्डा दिसेनासा झाला. इतक्या ओळी आल्या की त्या एकमेकींवर चढल्या, आणि त्यांतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वर येत राहिलं.

» कॅमेरा हलवू नका.
» कॅमेरा हलवू नका.
» सोनं गेलं खड्ड्यात, कॅमेरा हलवू नका!

पाच वाजले. कॅमेरा हलला नाही.


मधला थर : वाट बघण्याचा

प्लास्टर वाळायला रात्र लागते. शेडमधले दिवे मंद केले, छिंगहे फान काकूंच्या ओसरीवर जाऊन झोपली, आणि लोक प्लास्टर वाळताना बघत बसले. खरंच बसले. कुणी बाळाला पाजता पाजता, कुणी ट्रकच्या केबिनमध्ये, कुणी दवाखान्याच्या बाकावर. पांढरा ठिपका राखाडी झाला तर त्याची बातमी झाली. सकाळी गावकऱ्यांनी शेडभोवती इतकी गर्दी केली की रोलरवाल्याने रोलर रस्त्याकडेला लावला, तो स्वतः कुंपणावर चढला, आणि खालच्यांना म्हणाला, "जरा वाका ना राव, मलाही दिसू द्या."


तळ

आधी वर आली ती पश्चिमेच्या टोकाची वाकडी फांदी. मग कळलं, ती फांदी नव्हती. सपाट होती, खाली उतरत जाऊन मध्ये रुंद होत होती, पुन्हा दुसऱ्या बाजूला वर वळत होती. होडीसारखी.

"कावड," वू उस्ताद म्हणाले.

"कावड!" कुंपणापलीकडून गाव ओरडलं. प्रत्येकाच्या घरात दारामागे तश्शीच उभी होती, दोन्ही टोकं वर वळलेली.

कावडीखाली खांदा निघाला. खांद्यावर मान, भाराने एका बाजूला कललेली. छिंगहे बांबूच्या काडीने माती सोडवत होती, रबरी फुंकणीने धूळ उडवत होती, आणि कधीकाळी लाकडात कोरलेला माणूस प्लास्टरमध्ये वर येत होता. कमरेएवढ्या उंचीचा. ओठ किंचित उघडे, वाटेत कुणाशी बोलता बोलता थांबावं तसे. एक हात कावडीवर, दुसरा मागे. कुणी राजा नाही, सेनापती नाही. ओझं वाहणारा.

पुढच्या टोपलीत दोन मडकी होती. मागची टोपली अजून मातीत होती. त्याचा मागचा हात तिच्या काठावर ठेवलेला होता, आणि तो तसा का ठेवलाय ते कुणाला कळत नव्हतं. ओझं असं कुणी धरत नाही.

दुपार झाली. छिंगहेने टोपलीच्या काठाची माती सोडवली. आत एक गोल होतं. मडकं, तिला वाटलं. तिने फुंकणी मारली, आणि मडक्याला कान निघाला.

पोर होतं. टोपलीत मुटकुळं करून झोपलेलं, गाल काठाला टेकवलेला. बापाचा हात त्याच्या डोक्याआड, हिसका बसू नये म्हणून.

छिंगहे टाचांवर मागे बसली. काल पश्चिमेच्या ज्या बिळावर वू उस्तादांचं खुरपं टेकलं होतं, ते भोक याच टोपलीच्या वर होतं.

खोंग वेईने माइक तोंडाशी नेला. "प्रेक्षकहो..." म्हणाला, आणि त्याचा फुललेला चेहरा गळून पडला. तो पाठ फिरवून डोळे पुसू लागला. पण त्याच्या बोलण्याची गरजही नव्हती. लोकच बोलत होते.

» माझा बाप. छोंगछिंगच्या पायऱ्यांवर ओझी वाहायचा. अशीच मान.
» माझी आजी. पुढे धान्य, मागे मी.
» पुराच्या वर्षी काकांनी मला असंच आणलं. मागच्या टोपलीत. मी झोपलो होतो म्हणतात.
» आई.
» आमचे आजोबा, नाव लियान देयुआन. इथे लिहून ठेवतो. कुठेच लिहिलेलं नाही.
» आमच्या आजीचंही लिहा: शी गुइलान.
» लिहा. सगळे लिहा.

नावं उजवीकडून येत होती, त्या पांढऱ्या माणसावरून जात होती, आणि त्यांमागून आणखी नावं येत होती.

संस्थेच्या संचालकांचा फोन आला. छिंगहेचे हात मातीत, म्हणून वू उस्तादांनी तो तिच्या कानाला लावला. पलीकडून संचालक म्हणाले की रस्ते खात्याशी बोलणं झालं, फाटा जरा वळवून नेता येईल, त्यांच्या साहेबांची आईही कालपासून हेच बघत बसलीय.

"पूर्वेचं टोक?" संचालकांनी विचारलं. "ते प्लास्टरने पुरं करून घेऊ या का? दिसायला बरं."

"नको," छिंगहे म्हणाली. "तिथून त्याने श्वास सोडला. राहू दे."

तिने फोन बाजूला सारला आणि वर बघितलं, सरळ कॅमेऱ्यात. पहिल्यांदाच देशाला तिची टाळू सोडून चेहरा दिसला. धुळीने माखलेला, आणि हसणारा.

फान काकू शिडीवरून खड्ड्यात उतरल्या. कुणी अडवलं नाही. कावडवाल्यासमोर उभ्या राहिल्या, पोराकडे बघितलं, मग त्या कललेल्या मानेकडे. हात लावला नाही. फक्त थोडं वाकून, घरच्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाल्या, "ठेव की रे बाबा आता खाली. पोचलास."