राजीनामा मंजूर

"सोमवार को दोनों मुझे राज़ीनामा दो. बात ख़तम," असं म्हणून शेठ कपाळ चोळत आपल्या खोलीत निघून गेले.

कटिंग मास्तरांच्या हातातली कात्री उघडीच राहिली. गणवेश शिवणाऱ्या या कारखान्यात त्यांचं निम्मं आयुष्य कापडावर खडूने रेघा ओढण्यात गेलं होतं. आता शेठनी एका वाक्यात त्यांच्यावरच रेघ ओढली.

भांडण बाह्यांवरून झालं. हॉस्पिटलच्या कोटांच्या एका अख्ख्या गठ्ठ्यात दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. माल तपासणारा चेकर शेठच्याच मुलखातला, उर्दूत गोड बोलणारा. त्याने सगळ्या मशीनवाल्यांसमोर विचारलं, "मास्टरजी, आपके यहाँ डॉक्टर के दोनों हाथ बाएँ होते हैं क्या?" मशीनं थांबली, लोक हसले आणि मास्तरांनी खडूची पेटी भिरकावली. ती चेकरला लागली नाही. नेमकी आत येणाऱ्या शेठना लागली.

मास्तरांचं हिंदी-उर्दू कापड, कात्री आणि पगार एवढ्यापुरतंच. पण राजीनामा कळायला भाषा कशाला लागते? विचित्र वाटलं ते चेकरचं. नोकरी त्याचीही गेली होती, तरी गडी जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "कर लेते हैं राज़ीनामा, मास्टरजी. इसमें क्या है." एक तर याला दुसरीकडे चिकटायला मिळालंय किंवा याला वेड लागलंय, असं मास्तरांना वाटलं. दोन्ही गोष्टी सहन होण्यासारख्या नव्हत्या.

रविवारभर ते घरात येरझारा घालत होते. बसले की उठायचे, उठले की कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. एकदा तर नळ सोडून त्याकडे बघत उभे राहिले.

"अहो, बसा जरा. फरशी झिजेल," बायको म्हणाली. "पण दोन्ही बाह्या डाव्या निघाल्याच कशा?"

"तू शेठच्या बाजूची आहेस का?"

"मी बाह्यांच्या बाजूची आहे."

मास्तर पुन्हा येरझारा घालू लागले. कापड एकेरी अंथरलं होतं आणि दुसऱ्या बाहीसाठी नमुना उलटा ठेवायचा राहून गेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच पेटी फेकली होती.

दुपारी त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. मराठीत, कारण रागावायला त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. 'बाह्यांच्या बाबतीत माझी तसूभरही चूक नाही. मी नोकरी सोडत आहे. चेकर हा माणूस नसून...'

"माणूस नसून काय?" बायकोने खांद्यावरून वाचून विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

ते ठरलं नाही. सोमवारी तसाच अर्धवट कागद घेऊन ते शेठसमोर उभे राहिले. चेकर आधीच येऊन त्याचा कागद वाचून दाखवत होता. "मैंने सबके सामने मास्टरजी का मज़ाक उड़ाया, ग़लती मेरी. आगे से हम भाइयों की तरह काम करेंगे."

नोकरी सोडणाऱ्या माणसाची ही भाषा नव्हती. मास्तर चाचरत म्हणाले, "शेठ, लेकिन नोकरी जाने के बाद एकत्र काम कैसे करेंगा?"

"नौकरी कहाँ जा रही है?" शेठ चक्रावले. "राज़ीनामा माँगा है. सुलह का काग़ज़. दो लोग राज़ी हो गए, इसका नामा. नौकरी छोड़ने का तो इस्तीफ़ा होता है."

मास्तरांच्या पायाखालची फरशी आदल्या दिवसापेक्षा जास्त झिजली.

शेठनी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला, उजवीकडून डावीकडे बघितला, मग डावीकडून उजवीकडे. "अपनी ज़बान में लिखा? बहुत अच्छे. पढ़ के सुनाओ."

मास्तरांनी कागद परत घेऊन डोळ्यांसमोर धरला. तसूभरही चूक नाही, असं तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं. घसा साफ करून त्यांनी वाचलं, "बाह्या के मामले में... गलती मेरा है." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना गणवेशाचे दहा गठ्ठे कापण्याइतके कष्ट पडले. ते जमलं म्हणून जरा सैल झाले, आणि तिथेच नजर घसरून खालच्या ओळीवर गेली. "चेकर आदमी नहीं है..."

चेकरची मान वर झाली. शेठची भुवई वर झाली.

"...भाई है," मास्तर म्हणाले.

चेकरने उठून कडकडून मिठी मारली. शेठनी डोळे पुसले, कागदावर आडवं 'मंज़ूर' लिहून सही ठोकली, चेकरने साक्षीदार म्हणून खाली सही केली आणि कागद ड्रॉवरमध्ये जाऊन कुलूपबंद झाला.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"राजीनामा मंजूर झाला."

ती चौकटीला टेकली. "मग आता?"

"आता काय," मास्तर चपला काढत म्हणाले, "उद्या आठला कामावर. दोनशे डाव्या बाह्या उसवायच्यात. आणि त्या ड्रॉवरची किल्ली कुणाकडे असते, तेही बघायचंय."