जोडलेल्या मानेची पुतळी

मित्रांनो, मी एक जुनी जपानी पुतळी आहे. पोर्सेलीनची, वीतभर उंचीची, बदकांना दाणे टाकणारी मुलगी. बदकं माझ्यासोबत कधी घडलीच नाहीत. मी आपली हात पुढे करून उभी.

साच्यातून मी दोन अर्ध्या तुकड्यांत निघाले. ते जोडून, शिवण घासून मला भट्टीत बसवलं. आतली हवा तापून मी फुटू नये म्हणून तळाला एक भोक ठेवलं. मग एका बाईने श्वास रोखून एकेका फटकाऱ्यात माझ्या भुवया काढल्या, केसांवर सोन्याची रेघ ओढली आणि तळाशी लाल अक्षरांत माझ्या देशाचं नाव लिहिलं. म्हणून जाणकार माणूस आम्हाला आधी उलटं करतो. चेहऱ्याचं कौतुक नंतर.

बोटीने आले आणि एका घरातल्या काचेच्या कपाटात विराजमान झाले. घरचे पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "ही आमची जपानी!" मीही फुगून जाई.

त्या घरात एक नवी सून आली. धूळ झटकताना तिच्या हातून माझा हात मनगटातून निखळला. सासूच्या धाकाने तिने तो गुपचूप चिकटवला. पुढे तीच सासू झाली. मग तिची सून आली आणि धूळ झटकताना तिच्या हातून माझी मान मोडली. तिनेही काडीच्या टोकाने गोंद लावला आणि ब्र काढला नाही. दोघींची दोन गुपितं, आणि सांभाळणारी मी एकटी!

वर सासूबाई काच पुसताना सुनेला ऐकवत, "माझ्या देखत हिच्यावर ओरखडा उठलेला नाही. उगाच नाही किल्ली माझ्याकडे."

सून खालमानेने ऐके.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "गुडघे बोलायला लागलेत माझे. आता कपाट तू सांभाळ. पण आधी हिला जुन्या वस्तूंच्या पारख्याकडे नेऊ. तुझ्या हाती काय सोपवतेय, ते तुला कळू दे."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. पारखी जांभळ्या उजेडाची बॅटरी मारतो आणि त्या उजेडात जुना गोंद चमकतो, हे तिने कुठेसं ऐकलं होतं.

त्यात सासूबाईंनी आणखीच घोळ केला. चारचौघांत छान दिसावी म्हणून मला कढत साबणाच्या पाण्यात बुडवलं! केसांवरचं सोनं फेसात गेलं. मनगटाचा जोड तेवढा तगला, पण मानेतला गोंद विरघळू लागला. माझं डोकं जरासं कलंडलं.

"थांबा आई, मी धुते!" सुनेने मला झडप घालून उचललं आणि रुमालात गुंडाळून मान अंगठ्याने दाबून धरली.

दुकानापर्यंत तिने तो अंगठा हलवला नाही.

"दे जरा माझ्याकडे," सासूबाई वाटेत म्हणाल्या.

"राहू द्या, जड आहे."

"वीतभर पुतळी, आणि जड?"

पारख्याने तळ पाहिला, भोक पाहिलं, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. "जुनी आहे, अस्सल आहे. पण धुतलीत कशाला? सोनं घालवलंत." मग त्याने बॅटरी काढली. "ठेवा टेबलावर. कुठे गोंद लावलाय का, ते यात दिसेल."

सून जागची हलेना.

"अगं, सोड की!" सासूबाई ओरडल्या.

 माझी मान आता तिच्या अंगठ्याच्याच आधाराने उभी होती.

"सोडलं तर डोकं पडेल, आई," ती म्हणाली. "माझ्या हातून फुटली होती. मी चिकटवली. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

 सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची ओढून धपकन बसल्या.

"मनगटावर मारा ती बॅटरी," त्या पारख्याला म्हणाल्या. "तो माझा पराक्रम. हिच्याएवढी होते तेव्हाचा."

सुनेला हसू आवरेना आणि रडूही.

पारखी खाकरला. "अशा अवस्थेत किंमत फारशी..."

"किंमत राहू द्या हो. चांगला गोंद कुठला, ते सांगा."

तर मित्रांनो, आम्हाला कढत पाण्यात घालू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. आणि हातून काही फुटलंच, तर आधी सांगा, मग चिकटवा. तुकडे जोडता येतात. पण गप्प बसलेल्या दोन माणसांमध्ये हसतमुखाने उभं राहायचं म्हणजे फार जीव दमतो.