रिकामा लोटा

रूपराव शकुनाच्या बाबतीत भारी काटेकोर माणूस. मांजर आडवं गेलं की बैलबंडी माघारी. तेलाचं भांडं घेऊन कोणी समोर आलं, की घरात परतून घोटभर पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं आणि मगच पुन्हा निघायचं. कधीकधी वावरात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. त्याची बायको भागीरथा हे शकुन सांभाळता सांभाळता अर्धी म्हातारी झाली होती.

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात विहिरीवर तिचा हात दुखावला. भरली बादली वर येता येता दोर निसटला, तिने तो झपकन धरला आणि उजव्या दंडात कळ उठली. सिंदी गावच्या डॉक्टरांनी दंड दाबून पाहिला, आतला स्नायू फाटलाय म्हणाले, हात गळ्यात बांधून दिला. काही दिवसांनी पट्टी सोडली आणि व्यायाम सांगितला.

"रोज सकाळी रिकामा लोटा हातात धरायचा. कोपर सावकाश दुमडायचं, सावकाश सरळ करायचं. दुखणं कमी होईल तसं लोट्यात थोडं थोडं पाणी घ्यायचं. घाई केलीत तर पुन्हा फाटेल."

घाई तर होतीच. लेक नलू पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण दुखऱ्या हाताने बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणार कसं? नलूच्या सासूने सेलूहून निरोप धाडला होता, तोही वाईट मनाने नव्हे. "ईनबाईचा हात बरा नसन, तं पोरीले इथंच राहू द्या." तो ऐकून भागीरथा चुलीपुढे बसून रडली. लेकीचं पहिलं मूल आपल्या हाताने न्हाणावं, याहून तिला दुसरं काही नको होतं.

डॉक्टरांनी वेळ सकाळची सांगितली आणि सकाळीच तर रूपराव वावरात निघायचा. निघत्या माणसासमोर रिकामं भांडं धरायचं? भागीरथाने लोटा काठोकाठ भरून घेतला. शकुनही सांभाळला जाईल आणि हातही लवकर बरा होईल, असा तिचा हिशेब. दंड पुन्हा सुजायला लागला, तरी ती कोणाला बोलली नाही.

एका सकाळी लोटा हातातून सुटला आणि पाणी थेट रूपरावच्या जोड्यांपर्यंत गेलं.

"अवं नलूचे माय, डॉक्टरनं खाली लोटा सांगतला होता ना? भरला काऊन?"

"तुमी वावरात निघता. खाली लोटा समोर कसा धरू?"

रूपराव ओसरीवर बसला. त्याची नजर गोठ्यातल्या पवळ्या बैलाकडे गेली.

"मांगच्या साली पवळ्याचा खांदा सुजून आलता, तवा आपण काय केलं?"

"खाली बंडीले जुतला."

"भरल्या बंडीले जुतला असता तं?"

"खांदा गेला असता." मग तिच्या ध्यानात आलं. "मी काय बैल हाओ?"

"बैलाचं ध्यान ठेवलं मी," रूपराव खालमानेने म्हणाला, "तुयं नाई ठेवलं."

सूज उतरल्यावर एका सकाळी जोडे घालायच्या आधी तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. "धर लोटा. खालीच."

तिने पाठ फिरवली, तर हा उठून पुन्हा समोर येऊन बसला. शेवटी तिने डोळे मिटून कोपर दुमडलं, सरळ केलं. व्यायाम संपेपर्यंत तो हलला नाही. मग उठला आणि गेला. दिवसभर भागीरथाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवेलागणीला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"काही झालं तं नाई?"

"झालं ना. भूक लागली."

पुढे ते रोजचंच झालं. शेजारचे बंडूजी हसले, "रूपराव, सकायी सकायी खाली लोटा पाहून निघता, डोस्कं फिरलं काय?" त्यावर रूपराव म्हणाला, "तुमी तुमच्या मांजराले बांधून ठेवा." हळूहळू लोट्यात पाणी चढत गेलं. फाल्गुनात तिने शेजारच्या कोकिळाबाईचं तान्हं बाळ पायांवर घेऊन न्हाणलं, पुसून उजव्या हाताने उचललं. दंडात कळ उठली नाही. त्याच दिवशी सेलूला निरोप गेला.

नलूला आणायला निघायच्या सकाळी रूपरावने बंडीत कडबा पसरला, वर वाकळा घातल्या. भागीरथा काठोकाठ भरलेला लोटा घेऊन दारात आली. उजवा हात सरळ पुढे धरलेला, लोट्यातलं पाणी हलतसुद्धा नव्हतं.

"लेकीले आणाले चालले. भरला लोटा पाहून जा."

रूपरावचा पाय बंडीवर होता, तो त्याने खाली घेतला.

"हा नाई."

"काऊन?"

"लेकीचं काम हाय. रोजचा दाखव."

मग तिने पाणी तुळशीला घातलं आणि रिकामा लोटा डोक्याच्या वर, हात जाईल तितका उंच धरला. रूपरावने तो नीट पाहिला, मान हलवली आणि बैल हाकले. बंडी वळणाआड जाईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.