झोळीतली वांगी

आपला माणूस अंतराळात गेला त्या आठवड्यात अख्ख्या रोहणा गावाचं डोकं वर होतं. माझं मात्र झोळीत. तीन महिन्यांचं बाळ दूध ओढता ओढताच थकायचं आणि झोपून जायचं. कुशीत घेतलं की हाताला बरगड्या लागायच्या.

"उन्हाळ्यात लेकरू बारीकच राह्यते," सासूबाई म्हणायच्या.

"एकदा वजन तरी करू या, आत्याबाई. घरात तराजू आहे." बाजारात भाजी विकायचा तराजू दारामागेच टांगलेला होता.

"काट्यावर लेकरू नाई ठेवत आपल्या घरी. मायं पह्यलं पोरगं माया भावानं कापसाच्या काट्यावर ठेवलं, हासत हासत. पोळा नाई पाह्यला त्यानं."

मी नवऱ्याकडे गेले, तर हे रेडिओला कान लावून. "ऐकून राह्यली का? तिथं माणसाले वजनच नाई! हातातला घास उडून जाते!"

"इथंही नाही," मी म्हटलं. "तुमच्या पोराला."

यांनी आवाज वाढवला. रेडिओचा.

शेवटी वाट पेपरातच सापडली. अंतराळातल्या स्थानकात महिनोन्‌महिने राहून काम करणारे लोक वाळत तर नाहीत ना, हे डॉक्टरांना बघावंच लागतं. तराजू तिथे चालत नाही. म्हणून माणसाला स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून हलवतात. जड माणूस सावकाश हलतो, हलका भरभर. बीएस्सीला असताना स्प्रिंगला वजनं टांगून मी हेच केलं होतं.

मोटार दुरुस्तीवाल्याकडून एक जुनी लांब स्प्रिंग मागवली. "यानं झोप चांगली लागते," एवढंच सांगून झोळी तिला बांधली. बाळ झोपल्यावर झोळी अलगद खाली ओढून सोडली आणि घड्याळ लावून हेलकावे मोजले. मग बाळाला खाटेवर ठेवलं आणि झोळी तितक्याच वेगानं हलेपर्यंत तिच्यात टोपलीतली वांगी घालत गेले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काऊन व, वांगे झोपवून राह्यली?"

मी वांगी तराजूत ओतली. बाळ जन्मलं तेव्हा माहेरच्या दवाखान्यात नर्सनं सांगितलेलं वजन मला पाठ होतं. तेव्हापासून पाव किलोही वाढलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तोललंच तू!"

"बाळाला तराजूचा स्पर्शही नाही झाला. वांगी तोलली. पण बाळ एवढंच आहे, आत्याबाई. एवढंच!"

सासूबाई पारड्यावर वाकल्या. एक वांगं उचललं, परत ठेवलं. मग आत वळून ओरडल्या, "बंद कर रे तो रेडिओ! बैल जुंप, आर्वीले दवाखान्यात जायचं हाय."

निघताना त्यांनी ती वांगी फडक्यात बांधून घेतली. "डॉक्टरले सांगजो, तोलायचं असन तं हे तोला."

दवाखान्यात शिरताच बाळाला आधी काट्यावर ठेवतात, ते मला माहीत होतं. मी तशीच गाडीत चढले. बाळ माझ्या मांडीवर, वांगी त्यांच्या मांडीवर, आणि बैलांना कसलीच घाई नव्हती.