गोजराबाईंचा पावटा

आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, बिल्डरनं टेनिस कोर्टासाठी सोडलेली जागा आहे. कोर्ट काही झालं नाही. तिथं आता आम्ही अठरा घरं मिळून भाजी लावतो. मी पाणी घालतो आणि वाफ्यांवरच्या पाट्या लिहितो, कारण माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणतात.

जानेवारीत या बागेच्या मंडळींची बैठक झाली. उत्कर्षा सगळ्यांना धरून बागेचं काम चालवते. ती हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी सकाळी सात वाजता खुरपं घेऊन हजर असते. मे महिन्यात बियाणांचा मेळा भरवायचा असं तिनं मांडलं. कासार आंबोली, रिहे या बाजूच्या गावांतल्या लोकांनी घरचं जुनं बी आणायचं आणि सोसायट्यांतल्या लोकांनी ते नेऊन लावायचं.

"काका, बियांचं टेबल तुमच्याकडे. तुमचं वाचन आहे," ती म्हणाली.

वाचन आहे हे खरं. परभणीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पण वाचलेलं असणं आणि माहीत असणं या दोन गोष्टी निराळ्या, हे मला ठाऊक आहे. मी मान हलवली. घरी आल्यावर उषा, माझी बायको, म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात? उद्या दूध नको हे दूधवाल्याला सांगायला मला पुढं करता आणि गावोगाव बी मागत फिरणार?"

फिरलो मात्र. फेब्रुवारीच्या शेवटी रिह्यात गोजराबाईंकडे गेलो. त्यांचा पावटा या खोऱ्यात नावाजलेला, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. त्या ओट्यावर शेंगा सोलत होत्या. वय सत्तरीच्या पुढं, माझ्याएवढंच.

"बसा गुरुजी," त्या म्हणाल्या. मी शिक्षक नव्हतो, पण ते सांगायचं राहून गेलं.

मी मेळ्याचं सांगितलं. त्यांनी मधेच विचारलं, "म्हंजी बियांची जत्रा?"

"तसंच."

"आन् बी फुकाट?"

"फुकट."

"मंग बराय. बी इकू न्हाई." त्या उठल्या, आत गेल्या आणि शेणानं तोंड लिंपलेलं एक मडकं घेऊन आल्या. वरचा लेप त्यांनी अंगठ्यानं फोडला. आत राख होती. राखेत हात घालून त्यांनी मूठ बाहेर काढली. करडे, मळकट दाणे.

"माझ्या आईचं बी हाय. लग्नात वटीत घिऊन आले. तवापास्नं एक साल चुकलं न्हाई." मग हातानंच समोर दाखवलं. "औंदा चुकणार."

समोर तारेचं कुंपण होतं. त्यांचा मुलगा नथू यानं खालचं रान मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका डॉक्टरला विकलं होतं, आणि आता त्या डॉक्टरच्या फार्महाऊसवर तो राखणदार होता.

"दाराशी चार वेल लावता येतील की," मी म्हणालो.

"कोंबड्या ऱ्हाऊ देतील व्हय? पावट्याला रान लागतं गुरुजी." त्यांनी मूठ परत मडक्यात सोडली आणि मडकं माझ्याकडे सरकवलं. "समदं न्या. मी मोजून देत न्हाई. आन् घरात ठिवून काय करू? माणसं लावतील तर जितं ऱ्हाईल. तुमच्याकडं जागा हाय, पानी हाय."

मी म्हणालो, "थोडं तुमच्याकडे ठेवा."

"अवो, न्या म्हंते ना! गुरुजी हाय का कोन? लई लाजताय." त्या हसल्या. मीही हसलो आणि मडकं मांडीवर घेऊन रिक्षानं परत आलो.

राखेत ठेवलेलं कडधान्याचं बी तसंच ठेवावं, पेरायच्या वेळेलाच राख काढावी, हे मी वाचलेलं होतं. कृषी खात्याच्या एका जुन्या पुस्तिकेत. राख गेली की टोके, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, शिरतात. गोजराबाईंनी ते सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. पाणी ओलं असतं हे कोणी सांगत नाही.

मार्चच्या बैठकीत मी मडकं घेऊन गेलो. सगळं बी काचेच्या बरण्यांत ठेवायचं, रांगेनं लावायचं, फोटो काढायचे, असं ठरत होतं. उत्कर्षानं मडक्यात डोकावून पाहिलं.

"अय्यो, काका, हे तर मातीसारखं दिसतंय. फोटोत काहीच कळणार नाही."

"ती राख आहे," मी म्हणालो.

"हो ना. मग धुऊन घेऊ या. छान ऊन आहे, वाळेल लगेच."

मी तोंड उघडलं. मग वाटलं, ती पुस्तिका तुरीबद्दल असेल. की हरभऱ्याबद्दल? कधी वाचली होती? पस्तीस वर्षं झाली असतील. इतक्या लोकांत सांगायचं आणि कोणी विचारलं "कुठं वाचलंत," तर काय सांगायचं? पुढचा विषय निघाला. मंडप कुणाचा.

दुसऱ्या दिवशी मीच धुतलं. हे लपवण्यात अर्थ नाही. बादलीत पाणी घेतलं, चाळणीत दाणे घेतले, राखेचं गढूळ पाणी वाहून गेलं आणि खालून जे दिसलं ते इतकं सुंदर होतं की मी उषाला हाक मारली. तांबूस दाणा, पोटावर एक बारीक काळी रेघ, जणू कोणी टाकानं ओढली आहे. गच्चीवर दोन दिवस वाळवलं आणि तीन बरण्या भरल्या. त्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या: गोजराबाईंचा पावटा, रिहे. माझं अक्षर त्या दिवशी फार चांगलं आलं. उत्कर्षानं काढलेला बरणीचा फोटो मेळ्याच्या जाहिरातीवर छापला गेला.

बरण्या क्लब हाऊसच्या कपाटात होत्या. मेळ्याच्या चार दिवस आधी मी आणि उषा पाकिटं भरायला गेलो. पहिल्या बरणीचं झाकण काढलं तर आतून पिठासारखी धूळ उडाली. दाण्यादाण्याला गोल भोक. टोके काचेवरून चालत होते. दुसरी बरणी तशीच, तिसरीही तशीच.

"अहो," उषा म्हणाली. तिनं झाकण परत लावलं.

बिनभोकाचे दाणे मी वेचले. एकोणतीस निघाले. ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तेव्हा सगळे चिकट झाले होते, त्यांना वास येत होता. मोड एकालाही नव्हता.

मी उत्कर्षाला सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती वाईट माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी मेळा होता, सहाशे लोक येणार होते आणि गोजराबाईंचा सत्कार पत्रिकेत छापला होता. दुपारी ती पौडच्या एका दुकानातून पावट्याची पिशवी घेऊन आली. "काका, अगदी सेम मिळालाय. पाकिटांत हाच भरू. हाही उगवेल ना? मग झालं. आजींना उगाच कशाला दुखवायचं?"

दाणा तांबूस होता. पोटावर रेघ नव्हती.

मी रिह्याला जाऊन सांगतो, असं म्हणालो. खरंच गेलो. गोजराबाईंनी हिरवं लुगडं दोरीवर उन्हाला घातलं होतं. "उद्यासाटी," त्या म्हणाल्या. "नथ्याला म्हनलं, मोटरसायकल धुवून ठिव, मला जत्रंला जायचंय. किती लोकं येतील वो?"

"सहाशे."

"सायशे!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आयेचं बी सायशे जनांच्या घरी जाईल."

मी चहा प्यालो आणि परत आलो. उषानं दारातच विचारलं, "सांगितलंत?" मी चपला काढत राहिलो.

मेळा चांगला झाला. नाचणी होती, तवसाच्या काकडीचं बी होतं, कडू कारल्याच्या दोन जाती होत्या, खोऱ्यातल्या बायका आपापली गाठोडी सोडून बसल्या होत्या. गोजराबाईंना शाल आणि नारळ मिळाला. मग उत्कर्षानं त्यांना माझ्या टेबलाशी खुर्ची दिली, लोकांना पाकिटं त्यांच्या हातून मिळावीत म्हणून. त्यांनी पहिलं पाकीट उचललं, उघडलं आणि दाणे तळहातावर घेतले.

एक दाणा उलटा केला. मग दुसरा. माझ्याकडे पाहिलं. समोर एक तरुण बाई उभी होती. "आजी, हे कधी लावायचं?"

"मिरगात," गोजराबाई म्हणाल्या आणि पाकीट बंद करून तिला दिलं. मग पुढच्याला दिलं. तासभर त्या देत होत्या. मला त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही कुठं बघवत नव्हतं.

जेवणाच्या वेळी गर्दी तिकडे गेली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्ये माझं न्हाई."

"नाही."

"माझं कुटं हाय?"

मी सांगितलं. बरण्या, टोके, ओलं फडकं, पौडच्या दुकानातली पिशवी. शेवटी राख धुतल्याचं सांगितलं, जे आधी सांगायला हवं होतं.

"एकबी दाना न्हाई?"

"नाही."

"कुनी धुतलं?"

"मी."

त्यांनी पाकिटांचं खोकं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तुमी तर लई वाचता म्हनं. पुस्तकात नव्हतं व्हय ह्ये?"

"होतं."

"मंग?"

"मला खात्री नव्हती."

"तुमास्नी नव्हती. मला व्हती की. मला इचारायचं व्हतं." आवाज चढला नव्हता. "काल आलावता. च्या पिलावता."

त्यांनी अंगावरची शाल काढली, नीट चौघडी केली आणि टेबलावर ठेवली. "ही त्या पौडच्या दुकानदाराला द्या. त्याचं बी हाय." नारळ त्यांनी ठेवून घेतला. नथूला हाक मारली, मोटरसायकलवर मागं बसल्या, लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणून गुडघ्याखाली दाबून घेतला. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. का पाहावं?

तेवढ्यात एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. "गोजराबाईंचा पावटा संपला का हो?"

"संपला," मी म्हणालो.

"अहो, खोक्यात अकरा पाकिटं आहेत की," उषा म्हणाली. नंतर तिच्या लक्षात आलं.

"ती त्यांची नाहीत," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मग मी त्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुस्तिका, बादली, चाळणी, काल प्यालेला चहा. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेत शांतपणे ऐकून घेतलं.

"अरेरे," ते म्हणाले. "बरं, मग हेच द्या. चालेल."

मी एक पाकीट घेतलं. त्यावर मीच लिहिलेलं गोजराबाईंचं नाव पेनानं खोडलं, पुन्हा एकदा खोडलं, आणि त्यांना दिलं.