पहिले पाणी सोडून द्या

मी एक जुनी, जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. टेकडीवरच्या वस्तीत, एका लहानशा घराच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी आहे. मित्रांनो, माझे झाकण तुम्हाला सहज दिसणार नाही. चार वीत लांबीरुंदीचा लोखंडी पत्रा, एवढेच माझे तोंड. आज मी तुम्हाला विनवायला बोलते आहे. माझे ऐका.

मला या घराच्या म्हाताऱ्या गवंड्याने बांधले. तेव्हा तो तरुण होता. दिवसभर लोकांची घरे बांधायची आणि संध्याकाळी घरी येऊन माझा खड्डा खणायचा, असे त्याने दोन महिने केले. विटा रचल्या, आतून गिलावा केला आणि तो इतका घोटला, की हात फिरवला तर काचेसारखा लागावा. छपराच्या पत्र्यांना त्याने पन्हळ लावली. पन्हळीतून नळी खाली आणली आणि नळीला एक चावी बसवली. चावी एका बाजूला फिरवली की पाणी गटारात, दुसऱ्या बाजूला फिरवली की माझ्यात.

तेव्हा टेकडीवर नळ नव्हता. पावसाळ्यात मी काठोकाठ भरायची आणि पुढचे सात-आठ महिने घर माझ्यावर चालायचे. पाहुणे आले की गवंडी माझे झाकण उचलून दाखवायचा. म्हणायचा, "बघा, ही माझी थोरली लेक. खातही काही नाही आणि कुरकुरतही नाही."

मग नळ आला. मला आठवते, त्या दिवशी घरात सगळे हसत होते. मीही हसले. पण वर्षभरातच पन्हळ गंजून एका बाजूला लोंबू लागली. माझ्या झाकणावर जुनी सायकल आली. कधीतरी कोणी झाकण उघडून फुटक्या कौलांचे तुकडे आणि बाटल्या आत टाकल्या. एक उंदीर पडला, तो वर चढू शकला नाही. गवंडी म्हातारा झाला, त्याचे गुडघे गेले. तो खिडकीतून माझ्याकडे बघायचा आणि मुलाला म्हणायचा, "एकदा टाकी साफ करून घे रे." मुलगा म्हणायचा, "करू, बाबा." तो दूरच्या बंदरावर क्रेन चालवतो. सुट्टीत यायचा आणि जायचा. मी तशीच राहिले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी वस्तीत भोंगा लावलेली गाडी आली. नळाच्या पाण्यात कारखान्याचे रसायन मिसळले आहे, पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे गाडीतला माणूस ओरडून सांगत होता. तासाभरात दुकानांतल्या बाटल्या संपल्या. टँकर खालच्या चौकातच रिकामा व्हायचा. आमचा चढ तो चढेच ना.

घरात त्या वेळी तिघेच होते. म्हातारा गवंडी, त्याची सून आणि तिची सात महिन्यांची छकुली. छकुली डब्यातल्या दुधाच्या पावडरीवर वाढत होती. पाणी नाही म्हणजे दूध नाही. सून दोनदा खाली रांगेत जाऊन आली. पहिल्यांदा अर्धा कॅन मिळाला, दुसऱ्यांदा रिकामा कॅन घेऊन ती पायरीवरच बसली. म्हणाली, "बाबा, आजचा दिवस निघेल. उद्याचं काय करू?"

गवंडी म्हणाला, "सायकल हटव. टाकी उघड."

झाकण उघडले आणि तिने नाकाला पदर लावला. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या पोटात घोटभर पाणी नव्हते, नुसता चिखल आणि कुजका वास. ती शिडी लावून आत उतरली. काचेने तिचा तळहात कापला, तरी ती थांबली नाही. बादल्या भरभरून तिने घाण वर चढवली. गवंडी कडेला खुर्ची टाकून बसला होता. "कोपऱ्यात घास. चुना कोरडाच चोळ. आता फडक्याने पूस." दोन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी तिने पन्हळ तारेने बांधली, नळीच्या सांध्यांना चिंध्या गुंडाळल्या. आणि मग आम्ही तिघे आभाळाकडे बघत बसलो. आत छकुली रडत होती. रडता रडता तिचा आवाज बारीक होत गेला, ते मला सगळ्यात भयंकर वाटले.

त्याच दुपारी ढग आले आणि अवेळी पाऊस कोसळला. सुनेने अंगणात घरातली सगळी भांडी मांडली होती, पण भांड्यांची तोंडे ती केवढी! बोटभरसुद्धा पाणी जमेना. छपरावरून मात्र पन्हळ दणदणत वाहत होती. चावीवर गवंड्याचा हात होता आणि पाणी गटारात चालले होते.

"बाबा, फिरवा ना चावी!"

"थांब. पहिलं पाणी सोडायचं. छपरावर त्याच कारखान्याची राख आहे, पक्ष्यांची घाण आहे. पांढरी बशी धर खाली. बशीचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत नाही."

बशीत काळे पाणी आले. मग करडे. पाऊस ओसरू लागला.

"अहो, पाऊस थांबतोय! ती मरेल, बाबा! फिरवा!" ती त्याचा हात ओढू लागली.

"सात महिन्यांचं पोट आहे ते, पोरी," म्हातारा म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण त्याने चावी सोडली नाही. मी तळापासून ओरडत होते, फिरव, फिरव, मला काहीही चालेल. माझे कोण ऐकणार?

बशी स्वच्छ झाली तेव्हा पन्हळीतून नुसती धार उरली होती. त्याने चावी फिरवली. माझ्या तळावर थेंब पडले, मोजता येतील इतके. सून पायरीवर डोके टेकून बसली.

आणि मग ढग पुन्हा फुटला. पाव तास पाऊस पडला. मी गुडघाभर भरले.

तिने पहिली बादली ओढली, पाणी गाळले, उकळले, निववले. छकुलीने बाटली तोंडाला लावली ती संपेपर्यंत सोडली नाही. मग सून पेला भरून सासऱ्याकडे आली. गवंडी खुर्चीतच कलंडला होता. ओठ निळे पडले होते. तिने त्याला आडवे करायला खाट ओढली, तर खाटेखाली एक कॅन होता. अर्धा भरलेला. तिने वास घेतला आणि तिच्या हातातला पेला पडला.

नळाचे पाणी. तीन दिवस म्हातारा तेच पीत होता. आपल्या वाट्याचे चांगले पाणी तो छकुलीच्या पातेल्यात परत ओतत होता.

शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून चढ उतरवला. सून छकुलीला कडेवर घेऊन मागे धावली. घरात कोणी नव्हते. मी एकटी, गुडघाभर स्वच्छ पाणी घेऊन. पाच दिवसांनी ती परत आली, बरोबर तिचा नवरा होता. म्हातारा नव्हता. मुलगा माझ्या काठाशी बसला आणि "करू, बाबा, करू, बाबा," एवढेच म्हणत राहिला.

आता नळाला चांगले पाणी येते. छकुली चालू लागली आहे. या गल्लीत माझ्यासारख्या आणखी चार टाक्या आहेत, त्याच गवंड्याच्या हातच्या. पावसाळा आठवड्यावर आला आहे. एकीचेही झाकण अजून कोणी उचललेले नाही. एकीवर तर कुंड्या मांडल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घराजवळ अशी एखादी असेल तर आज उघडा. आत उतरा, घाण वाटेल तरी उतरा. छप्पर झाडा, पन्हळ बांधा, आणि पाऊस आला की बशी धरून उभे राहा. या घराच्या सुनेला तीन दिवस मिळाले, कारण कोणीतरी आपला घोट तिच्या लेकीसाठी ठेवला. तुमच्या घरात तो घोट कोणी ठेवावा, अशी तुमची इच्छा आहे?