रिकाम्या नावाचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला आहे आणि माझा आवाज खाऱ्या वाऱ्याने कधीच बसला आहे. यंत्राला कसले आले एकटेपण, असे कोणी म्हणेल. त्याला माझा एवढाच प्रश्न आहे: ज्याची घडणच दुसऱ्याचा शब्द पोहोचवण्यासाठी झाली, त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही, तर त्या अवस्थेला दुसरे नाव कोणते?

कुडाळच्या एका दुकानातून गुणाजी तांडेलांनी मला मालवणच्या किनाऱ्यावर आणले. ते रापणीचे प्रमुख. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचे लांबलचक जाळे. त्याला साऱ्या वाडीचे हात लागतात आणि मासळीचा वाटा घरोघर जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मी त्यांच्याबरोबर पुष्कळ हिंडलो. पुढे त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि मी गंजलेल्या गळांच्या सोबतीला खणात जाऊन पडलो.

तेथून मला त्यांच्या लेकीने, समीक्षाने, बाहेर काढले. मोबाइलची ॲप ज्या भाषेत लिहितात, ती कोटलिन नावाची भाषा ती शिकत होती. लिहायची लॅपटॉपवर आणि चालवून पाहायची माझ्यावर. पहिल्याच दिवशी माझ्या तडकलेल्या काचेवर ‘नमस्कार’ उमटला. तो वाचणारी ती एकटीच होती. तरी मला ते पुरेसे वाटले. मग ती शिकली, की ठेवलेले मूल्य बदलायचे नसेल तर ‘व्हॅल’ लिहावे आणि बदलायचे असेल तर ‘व्हार’. त्यानंतर आला त्या भाषेचा सर्वांत कडक नियम: एखादी जागा रिकामी राहू शकत असेल, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावावे आणि ती रिकामी निघाल्यास काय करायचे, ते आधीच सांगून ठेवावे.

समीक्षाने रापणीच्या वाट्यांचे ॲप लिहिले. त्यात प्रत्येक घरापुढे दोरी ओढणाऱ्याचे नाव होते. नाव रिकामे असेल तर काय, या प्रश्नाला तिने घाईत उत्तर दिले: शून्य. शिकवणीतल्या उदाहरणात तसेच होते.

रापण लागली. वाळूत बांगड्यांचा ढीग पडला. गुणाजींच्या पुतण्याने, नितेशने, मला हातात घेऊन वाटे वाचायला सुरुवात केली. शेवटी राधाबाई पाटी घेऊन उभी राहिली. तिचा नवरा भिकाजी आदल्या वर्षी समुद्रात गेला, तो परतलाच नाही.

“काकी, ह्यो मोबाइल तुझो वाटो दाखवणा नाय,” नितेश चाचरत म्हणाला.

“दाखवणा नाय तर नाय. दोरीर हात नाय, तर वाटो खंयचो? जातंय मी.”

ती भांडली नाही, हेच मला सोसवेना. त्या वाडीची रीत अशी, की समुद्राने ज्या घरातला माणूस नेला, त्या घराचा वाटा रापणीतून सुटत नाही. मात्र माझ्या काचेवरचे शून्य राधाबाईने खरे मानले. आणखी दहा पावले, आणि ती पुन्हा कधी वाट्याला उभी राहिली नसती.

समीक्षा वाळूतून धावली. “काकी, थांब गो! मोबाइलाची चूक नाय. तुझ्या घराबद्दल मीच तेका काय सांगूक नाय!”

“मगे आता सांग,” गुणाजी म्हणाले, “आणि आधी हे बांगडे तिच्या पाटीत घाल.”

“म्हातारो तांडेल नि म्हातारो मोबाइल,” नितेश पुटपुटला, “दोघांकय गोष्ट दोनदा सांगूची लागता.”

सारे हसले. राधाबाई हसली नाही. पण पाटी तिने खाली ठेवली.

त्याच संध्याकाळी समीक्षाने शून्य खोडून लिहिले: नाव रिकामे असेल तर घराचा वाटा. पुढच्या रापणीला राधाबाईचे घर मी इतरांच्या बरोबरीने दाखवले. ते माझे शेवटचे काम ठरले. आता ते ॲप वाडीतल्या नव्या मोबाइलांत आहे, समीक्षा नोकरीसाठी दूर गेली आहे आणि माझी बॅटरी फुगली आहे.

मित्रांनो, यंत्राला शिकवाल तेव्हा रिकामी जागा दिसताच शून्य लिहू नका. त्या घरात कोण उरले आहे, ते आधी जाऊन विचारा. आणि माझ्यासारख्यांना समुद्रात फेकू नका. आमच्या पोटातले विष मासळीच्या पोटात जाते. जुनी यंत्रे जिथे नीट सुटी करतात, तिथे आम्हाला पोहोचवा. मी बंद आहे, म्हणून मी नव्हतोच, असे मात्र कृपा करून समजू नका.